मामांच्या अक्षरात

“लेकराला जप, जड उचलू नको,” मामांनी वाचलं, आणि निलम्माच्या हातातलं सूप हवेतच थांबलं.

थांबलं ते क्षणभरच. बाहेर पडसाळीत बसलेल्या मामांना सुपाचा आवाज ऐकू येत होता. तो बंद पडला तर त्यांना काहीतरी कळेल या भीतीनं तिचे हात आपोआप पुन्हा हलायला लागले. उडदाचे दाणे उडत होते, पडत होते, फोलपटं उंबऱ्याकडे सरकत होती. मामा पुढं वाचत होते. आधी एक ओळ उर्दूत, पुटपुटल्यासारखी, मग थांबून तिचं आपल्या बोलीत सांगणं. तिच्या नवऱ्यानं लांबच्या जेलात बसून लिहिलेले शब्द असे दोनदा उच्चारले जात, आणि दोन्ही वेळा म्हाताऱ्या माणसाच्या घोगऱ्या आवाजात. आज मात्र तो घोगरा आवाज जरा उजळला होता. “थंडीत आडाचं पाणी ओढू नको, गडी लाव म्हणायलाय. आन् पोरगी झाली तर अव्वाचं नाव ठेवायचं म्हणतोय.” एवढं सांगून मामा खाकरले. सासऱ्यानं सुनेला हे सांगायचं नसतं, ते सांगावं लागल्याचा संकोच त्या खाकरण्यात होता, आणि त्याखाली न लपणारा आनंद होता. निलम्मानं सूप खाली ठेवलं. नवऱ्याला हे तिनं कळवलंच नव्हतं. आणि जे तो जपायला सांगत होता, ते आता उरलंच नव्हतं.

मामांची, म्हणजे रेवणसिद्धप्पांची, कल्याणीच्या बाजारात धान्याची आडत होती. ताडमाड, पांढऱ्या मिशांचा, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे ओढणारा माणूस. लहानपणी सरकारी शाळेत उर्दू शिकलेला, त्यामुळे कचेरीतल्या कागदांसाठी बाजारातले लोक त्यांच्याकडेच येत. घरात त्यांचा एकुलता मुलगा जगदेवप्पा, आणि निंबर्ग्याहून सून म्हणून आलेली निलम्मा. सासू भागम्मा, जगदेवप्पाची अव्वा, आदल्या वर्षी गेली. ती होती तोवर निलम्माला मामांशी बोलायची वेळच आली नव्हती. ती गेल्यावर नवरा मधे होता. ‘मामांना इचारा, वाढू का,’ असं ती नवऱ्याला म्हणे, आणि दोन हातांवर बसलेले मामा ते ऐकून नवऱ्यालाच उत्तर देत. तो जेलात गेल्यावर मधलं माणूसच गेलं. मग घरातली भांडी बोलायला लागली. जेवण झालं की ती पळी पातेल्याच्या काठावर वाजवी. मामा दुकानातून आले की दाराशी खोकत. पाणी हवं असलं की तांब्या जमिनीवर जरा जोरात ठेवत. दोन माणसांच्या घरात दिवसभर असे आवाज होत. संध्याकाळी दिवा लावताना तिला कधी कधी वाटे, आपला स्वतःचा आवाज आपण आज ऐकलाच नाही. मग ती गाईशी उगीच मोठ्यानं कानडीत बोले.

तो गेला श्रावणात. हुमनाबादला मालाच्या कामाला जाऊन येतो म्हणाला. तिनं कडक भाकरी आणि शेंगांची चटणी फडक्यात बांधून दिली. फडकं घेताना तो जरा जास्त वेळ उभा राहिला, एवढंच तिला नंतर आठवत राहिलं. तिच्या तोंडाशी तेव्हा एक गोष्ट आली होती. आठवडाभर ती ती गोष्ट जिभेखाली धरून होती. कधी मामा पडसाळीत असत, कधी तो हिशोबात असे, कधी ती स्वतःच मागं सरे. येऊ दे, दोन दिवसांनी आला की सांगू. दोन दिवसांनी तो आला नाही, बातमी आली. दुबलगुंडीच्या बाजारात चार-पाच जणांनी मिळून तिरंगी झेंडा लावला, घोषणा दिल्या, आणि संस्थानच्या पोलिसांनी सगळ्यांना धरून नेलं. त्यात जगदेवप्पा होता. आधी बिदरला ठेवलं, मग कुठं लांब हलवलं. मामा त्या दिवशी दुकानात गेले नाहीत. पडसाळीतल्या खांबाला टेकून बसले आणि एकदाच, समोर कुणी नसताना, म्हणाले, “मला तरी सांगायचं होतंस रे.” आत उभ्या असलेल्या निलम्माला त्या वाक्याचा राग आला. मला तरी म्हणजे काय? त्या ‘मला’मध्ये ती कुठं होती? राग आला आणि लगेच त्याची लाजही वाटली, कारण म्हाताऱ्याचे खांदे हलत होते.

नवऱ्याची पहिली चिठ्ठी आल्यावर पहिलं पत्र तिनं स्वतः लिहिलं होतं. माहेरी थोरल्या भावानं, नागप्पानं, पाटीवर तिला अक्षरं शिकवली होती. बाळबोध अक्षरं, एकेक सुटं, चुलीपाशी बसून अर्धा दिवस घालवून तिनं कागदभर लिहिलं. त्यात जिभेखालची ती गोष्टही होती, दोन शब्दांत, आडवळणानं. ते पत्र परत आलं. पाठीमागे तांबड्या शाईनं उर्दूत काही लिहिलं होतं, आणि ते मामांना दाखवण्यावाचून इलाज नव्हता. तिनं ते उंबऱ्यावर ठेवलं आणि पळी वाजवली. मामांनी कागद उचलला. तिचं अक्षर वरच्या बाजूला होतं, त्यावर त्यांची नजर गेलीच असणार, पण त्यांनी झटकन कागद पालथा केला आणि फक्त मागची तांबडी ओळ वाचली. “उर्दूत लिवा म्हणायलेत,” ते खांबाकडे बघत म्हणाले. “जेलातल्या साहेबाला वाचता आलं पायजे. त्याला आपली भाषा येत न्हाई.” मग कागदाची घडी घालत: “तू सांग, मी लिवतो.” लग्नानंतर त्यांनी तिला सरळ उद्देशून बोललेलं ते बहुधा पहिलं वाक्य.

ती दाराच्या चौकटीआड बसली, डोक्यावरून पदर ओढून. मामा पडसाळीत, मांडीवर फळी, फळीवर कागद. “सांग,” ते म्हणाले. आणि तिचं तोंडच उघडेना. नवऱ्याचं नाव ती घेऊ शकत नव्हती. ‘तुम्ही’ म्हणायचं, तर समोर सासरा. “सगळं ठीक हाय म्हणा,” ती शेवटी म्हणाली. “गाय व्यालीय. काळजी करू नका म्हणा. जेवत जावा म्हणा.” संपलं. पण मामांचा बोरू संपला नाही. उजवीकडून डावीकडे तो सरकत राहिला, ओळीमागून ओळ. चौकटीच्या फटीतून तिला त्यांची वाकलेली पाठ दिसत होती. उर्दूला जास्त अक्षरं लागत असतील, असं तिला वाटलं होतं. चार वाक्यांना केवढा कागद लागला, म्हणून मनाशी हसूही आलं होतं.

आज कळत होतं ती जास्तीची अक्षरं कसली होती ते. त्यांना कसं समजलं? सकाळी परसात ती ओकत असे तेव्हा ते ओसरीवर दात घासत असत. ती आंबट खायला लागली होती. बाईमाणसाशिवायच्या घरात म्हातारा सगळं ऐकत होता, जसे ते दोघं एकमेकांचं सगळं ऐकतच जगत होते. आणि मग गणपतीनंतर उंबऱ्यावर रोज काहीबाही यायला लागलं. खारका. खोबऱ्याची वाटी. डिंकाची पुडी. नंतर तिला ताप आला, तेव्हापासून येणारं तापाच्या अशक्तपणासाठी आहे असं तिनं धरलं होतं.

ताप असंच तिनं सांगितलं होतं. दसऱ्याच्या आधीची एक दुपार, मामा दुकानात. पोटात कळ आली ती तिनं आधी मानलीच नाही. ती जातं पुसत होती, तशीच पुसत राहिली. मग भिंतीला धरून परसात गेली आणि पलीकडच्या यल्लम्माला हाक मारली. यल्लम्मा सुईण, साऱ्या गल्लीतली बाळं तिच्या हातची. तिनं जे करायचं ते केलं, न्हाणीत पाणी ओतलं, निलम्माला घोंगडीवर निजवलं आणि म्हणाली, “पहिल्या खेपेला व्हतंय कुणाकुणाचं. मनाला लावून घिऊ नको, अक्का.” संध्याकाळी मामांना यल्लम्मानंच बाहेरून सांगितलं, पोरीला ताप भरलाय, दोन दिवस मी भाकरी टाकते. घोंगडीवर पडल्या पडल्या निलम्माला छताच्या वाशांमधून येणारा उजेडाचा पट्टा दिसे. तो भिंतीवरून खाली उतरत जाई आणि तिच्या पायांपाशी येऊन विझे. तिला रडू फारसं आलं नाही. एक विचित्र हिशोब तिच्या डोक्यात फिरत राहिला. ज्याचं होतं त्याला ते कळलंच नव्हतं. म्हणजे त्याच्या लेखी काही आलं नाही, काही गेलं नाही. जे काही झालं ते फक्त तिच्या एकटीत झालं आणि तिच्या एकटीत मिटलं. बरंच झालं, असंही वाटलं. सांगायचं राहिलं होतं, आता सांगायला नकोच. त्या एकटेपणाची तिनं हळूहळू सवय करून घेतली, अंधारात घर ओळखीचं व्हावं तशी. आणि आता हे पत्र. तिकडे, भिंतींच्या आत, एक माणूस तिच्या मुलासाठी नाव शोधत बसला होता. जे तिच्या पोटातून गेलं होतं, ते त्याच्या डोक्यात इतके दिवस वाढत होतं. हातपाय फुटत होते त्याला तिथं.

पुढचे काही दिवस ती मामांवर धुमसत राहिली. भांडी जरा जास्त वाजत. डिंकाची पुडी तिनं उंबऱ्यावर तशीच पडू दिली. पुडीला मुंग्या लागल्या तेव्हा मामांनी मुकाट्यानं ती उचलली आणि दुसऱ्या दिवशी नवी आणून ठेवली. त्या नव्या पुडीकडे बघून तिला हुंदका आला आणि रागही आला. कुणी दिला होता यांना हक्क? माझ्या तोंडचं ते कामून बोलले? मी ‘गाय व्याली’ म्हणाले, तेवढंच माझं होतं. पण मग आडव्या अंगानं दुसरा विचार येई. मी तरी आणखी काय सांगितलं असतं? परत आलेल्या त्या कागदावर तेच तर होतं. माझंच वाक्य ते, फक्त माझ्या आधी त्यांनी पोचवलं. नाही, माझं नव्हे. माझ्या अक्षरात असतं तर माझं. आणि तरीही नवऱ्यानं ते तिचं म्हणूनच वाचलं असणार, तिच्या आवाजात. कुठल्या आवाजात वाचत असेल तो मामांची उर्दू? त्याला तिचा आवाज आठवत तरी असेल का? तिला त्याचा आठवायचा तर आधी मामांचं खाकरणं कानात येई. पडसाळीत फळी कोपऱ्याला टेकून उभी होती. मामा रोज त्या फळीकडे बघत. उत्तर द्यायची वेळ निघून चालली होती.

ती स्वतःच जाऊन चौकटीआड बसली, एका दुपारी, मामा जेवून सुपारी कातरत होते तेव्हा. पळी वाजवली नाही. “मामा, पत्र लिवा,” म्हणाली.

मामांनी अडकित्ता ठेवला, फळी घेतली. “सांग.”

“लेकरू न्हाई.”

बोरू दौतीत होता, तिथंच राहिला.

“दसऱ्याच्या आधी गेलं,” ती म्हणाली. आवाज आपला नव्हेच असा कोरडा येत होता. “ताप नव्हता तो. यल्लम्मा हुती संगं. आन् मी त्यांना लेकराचं कळवलं नव्हतं, मामा. ते तुमी कळवलात.”

ती फटीतून बघू शकत होती, पण तिनं बघितलं नाही, समोरच्या भिंतीचा उडालेला चुना बघत राहिली. मग मामा उठले. त्यांची पावलं परसाकडे गेली, आडाच्या रहाटाचा आवाज झाला, पाणी ओतल्याचा आवाज झाला, पुष्कळ वेळ. ते परत आले तेव्हा हातपाय, तोंड धुतलेलं होतं, मिशांतून पाणी गळत होतं.

“त्याची पयली चिठ्ठी आली ती तुला सगळी वाचून दावलो न्हाई मी,” ते म्हणाले. “जेवायलाच नको म्हणायलाय, झोप न्हाई म्हणायलाय, असलं हुतं तिच्यात. भिंतीआडच्या माणसाला धरायला कायतरी पायजे म्हणून लिवलो. तुझ्या तोंडचं लिवलो. चुकलो मी, निलम्मा.” त्यांनी तिचं नाव घेतलं होतं. “आता तू सांगतीस तसंच लिवतो. एक अक्षर वर न्हाई, एक खाली न्हाई.”

तिनं सांगितलं. सलग नव्हे, थांबत थांबत, आणि प्रत्येक वाक्यानंतर मामा ते आधी उर्दूत मोठ्यानं म्हणत आणि मगच लिहीत. कुठल्या दिवशी, कशी कळ आली, यल्लम्मा काय म्हणाली. हे सगळं सासऱ्यासमोर बोलताना तिला आधी अंगावरची कापडं उतरत चालल्यासारखं वाटलं. मग एका टप्प्यानंतर तसं वाटेनासं झालं. मामा एका ओळीला अडखळले, आणि मग कचेरीच्या कागदात लिहितात तसं काहीतरी म्हणाले, त्यात ‘जाया हो गया’ असं आलं. बाजारातली दखनी तिच्या कानावर रोज पडे. पावसात भिजलेल्या ज्वारीच्या पोत्यांबद्दल गाडीवाले असंच म्हणत, जाया हो गया माल.

“तसं नको,” ती म्हणाली.

“उर्दूत तसंच म्हणत्यात.”

“म्हणूंद्या. वाया गेलं असं न्हाई लिवायचं. वाया न्हाई गेलं ते. हुतं, आन् आता न्हाई.”

मामांनी बोरू दौतीत बुडवला. मग त्यांनी ती ओळ सोडून दिली आणि सावकाश, लहान मुलाला शिकवल्यासारखं म्हणत लिहिलं, “बच्चा था. अब नहीं रहा.” “असं?”

“व्हय. असं.” आणि मग, जे सांगायचं तिनं ठरवलंही नव्हतं, ते तिच्या तोंडून आलं. “आन् लिवा, जाताना मला सांगून जायला पायजे हुतं. झेंड्याला मी न्हाई म्हणले नसते. भाकरी बांधून देताना मला ठावं असायला पायजे हुतं, कुठली भाकरी बांधायलेय ती.”

“हे बी लिवू?” मामांनी विचारलं.

“हे लिवाच.”

लिहून झाल्यावर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत त्यांनी तिला वाचून दाखवलं. मग कागद तिच्याकडे सरकवला. तिला त्यातलं काही वाचता येत नव्हतं. तरी तिनं तो हातात धरला, आणि त्या वळणदार, अनोळखी रेघांच्या खाली, कोपऱ्यात, आपल्या बाळबोध अक्षरात ‘निलम्मा’ एवढं लिहिलं. एवढं तर तो साहेब जाऊ देईल.

त्या पत्राचं उत्तर असेल असं वाटलेली एक चिठ्ठी संक्रांतीच्या सुमारास आली, पण ती उत्तर नव्हती. दोन्ही पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली होती. बाळंतपणाला माहेरी जा, कल्याणीत थांबू नको, दिवस बरे नाहीत, असं तिच्यात होतं. मामांनी ती वाचली आणि घडी घातली. यानंतरचं येईल, मामा म्हणाले. पण ते आलं नाही, आणि न येणं हेच रोजचं झालं. टपालवाले मौलासाब गल्लीच्या तोंडाशी दिसले की ती दारात येई, आणि ते लांबूनच हात हलवत, “नहीं आया, बेटी.” उन्हाळ्यात टपालही धड येईना. गावात संस्थानच्या बाजूचे हत्यारबंद जथे फिरायला लागले, बाजार दुपारीच बंद होई, ओळखीची घरं एकेक करून सोलापूरकडे निघून गेली. नागप्पा निंबर्ग्याहून तिला न्यायला आला, सगळं माहेर हद्दीपलीकडे चाललं होतं. पडसाळीत बसून त्यानं मामांना समजावलं, दोघंही चला. मामांनी आत बघितलं. “आमी गेलो आन् पत्र आलं तर?” निलम्मा म्हणाली. आता ती मामांसमोर चौकटीच्या बाहेर उभी राहून बोलायची. कधी सुरू झालं ते दोघांच्याही ध्यानात नव्हतं. नागप्पा तिच्याकडे बघतच राहिला. “पत्रासाठी जीव घालवतीस व्हय?” मामाच म्हणाले, “तिला राहायचं असलं तर राहू दे, अण्णा. मी हाय.”

त्या दिवसांत तिनं मनातल्या मनात नवऱ्याशी जेवढं बोलून घेतलं तेवढं ती लग्नानंतरच्या साऱ्या वर्षांत बोलली नव्हती. भाकरी थापताना, गोवऱ्या लावताना. त्याला पत्र मिळालं आहे, हे तिनं धरूनच टाकलं होतं. पहिले काही दिवस तो कुणाशी बोलला नसेल. मग रागावला असेल, ‘सांगून जायला पायजे हुतं’ हे वाचून. मग राग उतरला असेल. तो भिंतीकडे तोंड करून निजला आहे आणि त्याला तेच आठवतं आहे जे तिला आठवतं, असं ती बघे. यात तिला एक तऱ्हेचं समाधान होतं. आता ते तिच्या एकटीत नव्हतं. तिच्या मनात दोघांनी मिळून ते वर्ष काढलं, दोघं मिळून हळूहळू निवले. कधी कधी मामा भागम्माबद्दल सांगत. तिचंही पहिलं असंच गेलं होतं, हे एकदा त्यांनी सहज सांगून टाकलं आणि पुन्हा सुपारी कातरायला लागले.

सप्टेंबरात हद्दीपलीकडून फौजा आल्या, संस्थानावर चाल करून. चार-पाच दिवसांत सगळं संपलं, आणि मग भीतीनं नुसती घरं बदलली. मुसलमानांच्या घरांची जी दारं वर्षभर उघडी असत ती आता आतून बंद झाली. मौलासाब गल्लीत दिसेनात. मामा त्यांच्या ओट्यावर जाऊन दिवसदिवसभर बसत, काठी आडवी टाकून, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघत. जेवण निलम्मा तिथंच नेऊन देई, मामांचं आणि मौलासाबांचं. असे काही दिवस गेले, आणि एका सकाळी तुरुंग उघडल्याची बातमी आली. त्या आठवड्यातच जगदेवप्पा दारात उभा राहिला.

डोकं तासलेलं, गालफडं बसलेली, खोकत होता. त्यानं मामांच्या पायांवर डोकं ठेवलं. मामांनी त्याला उठवलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. निलम्मानं पाय धुवायला पाणी दिलं. पाय धुताना तो तिच्याकडे बघून हसला, आणि मग त्याची नजर तिच्या मागे, आत गेली. वाशांकडे गेली, कपडे वाळत घातलेल्या दोरीकडे गेली, पुन्हा तिच्याकडे आली. आवाज अगदी हळू करून, कुणी जागं होईल अशा बेतानं, त्यानं विचारलं, “निजलंय का?”

निलम्माला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा पायाखालची फरशी गार लागली. म्हणजे पत्र गेलंच नाही. किंवा गेलं, आणि कुठल्या तरी टेबलावर पडून राहिलं. म्हणजे भिंतीकडे तोंड करून निजलेला तो माणूस कुणीच नव्हता. सारं वर्ष ती ज्याच्यासोबत निवत आली होती तो तिनं एकटीनं उभा केला होता. आणि हा खरा, खोकणारा, ओल्या पायांचा माणूस तेच वर्ष एका वाढत्या मुलासोबत काढून आला होता. तिचं दुःख वर्षाचं झालं होतं. त्याचं अजून जन्मायचं होतं, आणि ते तिलाच त्याच्या हातात द्यावं लागणार होतं.

“जगदेवा,” मामांनी सुरुवात केली.

“मामा, थांबा. मी सांगते,” ती म्हणाली. आणि नवऱ्याकडे सरळ बघत, मामांच्या समोर, पदर सारखा न करता म्हणाली, “लेकरू गेलं आपलं. तुमी गेलात त्याच वर्षी, दसऱ्याच्या आधी. पोटातच. तुमाला कळवलं हुतं, ते पोचलं न्हाई.”

तो तसाच उभा राहिला. ओल्या पायाचं पाणी फरशीवर पसरत होतं. “बराकीत गूळ वाटलो मी,” तो म्हणाला. “कुणाकुणाचा मागून घेतलो. सगळे मला लेकराचा बाप म्हणायचे.” आणि हसल्यासारखं काहीतरी त्याच्या तोंडावर येऊन गेलं, ते तिला बघवलं नाही. त्याला जवळ घ्यावं असं वाटलं, आणि त्याच वेळी त्याच्यावर ओरडावं असंही वाटलं, की तुला आज कळतंय, मला कधीचं ठाऊक आहे. दोन्हीतलं तिनं काही केलं नाही. तो खांबाला धरून हळूच खाली बसला. मग त्यानं विचारलं, “कुठं ठिवलं?”

घोंगडीवर पडून असताना यल्लम्मा परसाच्या दारातून बाहेर गेली होती, एवढंच तिला ठाऊक होतं. हा प्रश्न तिनं यल्लम्माला कधी विचारला नव्हता. एवढ्या महिन्यांत, एवढ्या बोलण्यात, तिला तो सुचला नव्हता असं नाही. तो आला की ती दुसरं काम काढायची.

“मला ठावं हाय,” मामा म्हणाले.

दोघांनीही वर बघितलं.

“पत्र लिवलो त्याच दिवशी यल्लम्माकडं गेलो मी. तिनं नेऊन जागा दावली. आपल्याच रानाच्या बांधाला हाय.” ते निलम्माकडे वळले. “तू इचारलीस न्हाई, म्हणून सांगितलो न्हाई. तुझ्या तोंडचं एकदा बोललो हुतो, फिरून नको म्हणलो.”

जगदेवप्पा उठला. निलम्मानं चुलीतली लाकडं बाहेर ओढली आणि पाणी शिंपडून विझवली. बायकांनी अशा जागी जायचं नसतं, हे कुणी तरी म्हणेल म्हणून ती क्षणभर थांबली. कुणी म्हणालं नाही. तिघं बाजारातून गेले. अर्धी दुकानं अजून बंद होती, उघडी होती त्यांतले लोक जगदेवप्पाला हाका मारत होते, हात जोडत होते. कुणीतरी हार घेऊन धावत आला आणि त्यांचे चेहरे बघून हार हातातच ठेवून थांबला. गावाबाहेर पाणंदीला लागल्यावर मामांनी वेग कमी केला. तूर कमरेएवढी झाली होती. बांधाच्या एका अंगाला, करंजाच्या झुडपापलीकडे, मामा उभे राहिले आणि काठीनं न दाखवता, नुसत्या नजरेनं त्यांनी जागा दाखवली. तिथं काहीच नव्हतं. गवत होतं, दोन-तीन दगड होते, तसे ते सगळ्या बांधावर होते. एवढं दाखवून मामा परत फिरले आणि पाणंदीच्या तोंडाशी जाऊन बसले.

जगदेवप्पानं गुडघे टेकले. त्याचा हात गवतावर गेला आणि तिथंच राहिला. निलम्मा बसली नाही. वारा होता, तूर सळसळत होती, आणि तिला मोठ्यानं बोलावं लागणार होतं. “मी जातं पुसायलते,” तिनं सुरुवात केली, “दुपार हुती, मामा दुकानात हुते,” आणि उभ्या उभ्याच, काही न गाळता, ती त्याला पहिल्यापासून सांगू लागली.